बाळू पालवणकर : रूळ ओढणारा गोलंदाज

क्रिकेट म्हटले की सी. के. नायडू, विजय मर्चंट ही नावे आठवतात. पण त्यांच्याही आधी एका चर्मकार कुटुंबातील तरुणाने आपल्या डावखुऱ्या फिरकीने इंग्रजांना जेरीस आणले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातील पालवण गावचे. वडील लष्करात चाकरीला असल्याने बालपण पुण्यात गेले. तेथे गोऱ्यांच्या क्लबात रूळ फिरविणे, जाळी लावणे हे त्यांचे काम. पगार महिना ४ रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलत, पण चहाच्या वेळी बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा पीत. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. तरुणपणी डॉ. आंबेडकरांना ज्यांचा अभिमान वाटे, तेच बाळू १९३७ साली काँग्रेसतर्फे त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे २,००० मतांनी पडले. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण जखम एकच होती. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले.

आपल्या नांदेड-लातूरकडील कित्येकजण घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढले आहेत. गुण असला की दार उघडते, पण आत बसायला जागा मिळतेच असे नाही. बाळूंना ती पुरती मिळाली नाही. त्यांच्या भावाला मिळाली. पहिल्याने रूळ ओढला, म्हणूनच दुसऱ्यासाठी खेळपट्टी तयार झाली, हे आपण विसरता कामा नये.