आधी स्वतःला टोचून घेणारा संशोधक

पुण्यात १८९७ मध्ये प्लेगची साथ पसरली, तेव्हा शनिवार पेठेसह जुन्या पेठांतील घराघरांत गोरे सोजीर तपासणीसाठी शिरत होते. लोकांना न विचारता लादलेल्या या उपायांविरुद्धचा रोष अखेर रँडसाहेबांच्या हत्येपर्यंत गेला. त्याच वर्षी मुंबईत जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मात्र निराळा मार्ग धरला होता.

१८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले. पटकीची लस त्यांनी १८९२ मध्ये प्रथम स्वतःवरच आजमावली होती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लसीचा गुण दिसून आला. परंतु बंदिवानाचा होकार कितपत स्वेच्छेचा मानावा? वैद्यकीय संशोधनाच्या आजच्या नियमांत कैद्यांना विशेष संरक्षण आहे, ते याच शंकेमुळे.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व ते निलंबित झाले. प्रयोगशाळेचा दोष सिद्ध होत नसल्याचे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले. मुल्कोवालचे ते १९ जण मात्र केवळ आकडा म्हणूनच उरले.