मातीचा मित्र : सर अल्बर्ट हॉवर्ड

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातून रोज किती कचरा बाहेर पडतो, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? भाजीची देठे, कांद्याची साले, चहाचा चोथा, अंगणातला पालापाचोळा! हे सारे आपण निरुपयोगी समजून फेकून देतो. परंतु याच कचऱ्यात शेताचे अन्न दडलेले आहे. ही गोष्ट आपल्या देशात राहून, प्रयोग करून ज्यांनी जगाला पटवून दिली, त्या शास्त्रज्ञाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर ते वेस्ट इंडीज बेटांवर पिकांच्या रोगांचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांच्याजवळ प्रयोगशाळा होती, पण जमीन नव्हती. जो उपाय आपण स्वतः शेतात करून पाहिला नाही, तो शेतकऱ्याला कसा सांगावा? ही गोष्ट त्यांच्या मनाला सारखी टोचत असे.

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत आले. तेथे त्यांना प्रयोगासाठी ७५ एकर जमीन मिळाली. आजूबाजूचे गरीब शेतकरी कोणतेही औषध फवारत नाहीत, तरी त्यांची पिके निरोगी आहेत, हे त्यांनी पाहिले. मग हा मोठा शास्त्रज्ञ त्या शेतकऱ्यांचा विद्यार्थी झाला. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यासुद्धा वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या चांगल्या जाती तयार केल्या.

मात्र चांगले बियाणे पुरेसे नाही, हे त्यांना लवकरच कळून आले. माती उपाशी असेल तर बियाणे तरी काय करणार? शेतातले पीक आपण घरी नेतो. शेण गोवऱ्या करून चुलीत जाळतो. मातीला परत काय मिळते? विकतचे खत घेण्यास गरीब शेतकऱ्याजवळ पैसे नसत. चीनमधील शेतकरी सर्व टाकाऊ पदार्थ जमिनीला परत देतात, हे हॉवर्ड यांनी वाचले होते. आपल्या शेतकऱ्यालाही बिनपैशाचे खत मिळाले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

१९२४ साली ते इंदूरला गेले. तेथील जमीन आपल्या विदर्भ-खानदेशासारखीच काळी आणि कापसाची. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या फार कडक असतात. त्या लवकर कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी पऱ्हाट्या रस्त्यावर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला. हा चुरा त्यांनी गोठ्यात बैलांखाली अंथरला.

खत कसे होत असे, ते आता पाहा. दोन-तीन फूट खोल खड्डा घ्यायचा. त्यात काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे. वर पाणी शिंपडायचे. डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि ढीग आतून चांगलाच तापतो. या जीवांना ओल हवी, तशीच हवाही हवी. म्हणून ढीग तीन वेळा वरखाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत भुसभुशीत, काळे खत तयार! त्यामुळे माती मऊ होते आणि पाणी धरून ठेवते. हीच इंदूर पद्धत.

१९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सोबत सुटली. तरीही हॉवर्ड यांनी काम अर्धवट सोडले नाही. इंदूरमधील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेला या पद्धतीवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते मायदेशी परतले. १९३४ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. चहा-कॉफीच्या मळ्यांतही ही पद्धत पोहोचली. रासायनिक खतावर भर देणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला. हॉवर्ड यांची सगळीच मते सर्वांना मान्य झाली नाहीत. परंतु मातीला सेंद्रिय पदार्थ हवेतच, हे आज सर्वमान्य आहे. १९४७ साली त्यांचे निधन झाले.

हल्ली काडीकचरा अगदी कमी हवेत तापवून त्याचा कोळसा करतात व तो मातीत मिसळतात. त्याला बायोचार म्हणतात. रीत वेगळी, पण विचार तोच : मातीचे मातीला परत द्यावे.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या आवारात एखादा कोपरा मोकळा असेल. गुरुजींना विचारून तेथे एक लहान खड्डा खणा. पानगळ झाली की पाने जाळू नका, खड्ड्यात टाका. तीन महिन्यांनी मूठभर खत हातात घेऊन पाहा. ज्याला आपण कचरा म्हणत होतो, ते काय होते, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

स्वाध्याय
१. वेस्ट इंडीजमध्ये हॉवर्ड यांच्या मनाला कोणती गोष्ट टोचत असे?
२. कडक पऱ्हाट्यांचा चुरा त्यांनी कसा केला?
३. खताचा ढीग वरखाली का करावा लागतो?