लोकमान्य टिळक : संशोधन आणि श्रेय

येडशीहून लातूरकडे जाताना तुम्ही ज्या मुलखातून प्रवास करता, त्याचा लोकमान्य टिळकांच्या चरित्राशी एक निराळा संबंध आहे. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिल्यानंतर चरितार्थासाठी त्यांनी पुण्यात कायद्याचे वर्ग चालवले आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या लातूर येथे भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना काढला. याच धावपळीच्या वर्षांत त्यांचे वेदकाळावरील संशोधन सिद्ध झाले. वाङ्मयचौर्य कसे ओळखावे आणि कशाला वाङ्मयचौर्य म्हणू नये, हे समजण्यास ही हकिकत उपयुक्त आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक व संस्कृतज्ञ होते. डेक्कन महाविद्यालयात टिळकांनी गणिताचा विशेष अभ्यास केला. संस्कृत आणि गणित यांचा हा संयोग पुढे फलदायी ठरला. भगवद्गीतेत श्रीकृष्णाने महिन्यांमध्ये मार्गशीर्षाला अग्रस्थान दिले आहे. गीता वाचताना या उल्लेखाने टिळकांचे लक्ष वेधले. त्यावरून वसंतसंपात मृग नक्षत्रात असतानाच्या काळाचा शोध घेत ते इ.स.पू. ४००० या सुमाराच्या वेदकाळापर्यंत पोचले. १८९२ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी निबंध पाठवला. तो दीर्घ असल्याने परिषदेच्या वृत्तान्तात केवळ त्याचा सारांश छापला गेला. संपूर्ण विवेचन १८९३ मध्ये 'ओरायन' या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी जर्मनीतील बॉन येथील प्राध्यापक हर्मान याकोबी यांनीही ज्योतिषाच्या आधारे वेदकाळ जवळपास तितकाच मागे नेणारा निबंध प्रसिद्ध केला. येथे तुम्ही क्षणभर संपादकाच्या जागी उभे राहा. दोन लेखक, एक निष्कर्ष, एकच वर्ष. कोणी कोणाचे घेतले, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मात्र शंका म्हणजे पुरावा नव्हे. दोघांच्या मांडणीची तुलना केली, तर वाटा भिन्न दिसतात. टिळकांचा भर मृग नक्षत्राशी निगडित कथा व यज्ञविषयक उल्लेखांवर आहे. याकोबींनी ऋग्वेदातील मंडूकसूक्त आणि विवाहविधीतील ध्रुवदर्शन यांचाही आधार घेतला. पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेले जॉर्ज ब्यूलर यांनी १८९४ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधनपत्रिकेत दोन्ही लेखनांचा एकत्र परामर्श घेतला आणि दोघे स्वतंत्रपणे त्या निष्कर्षाला पोचल्याचे नमूद केले.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली. तुरुंगात असताना माक्स म्युलर यांनी ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठवली. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्यांच्या मूलस्थानविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत टिळकांनी या साहाय्याची नोंद केली आणि याकोबींचा निष्कर्ष स्वतंत्र असल्याचेही सांगितले. उत्तर ध्रुवाविषयीची कल्पना त्यांच्याआधी मांडणाऱ्या अमेरिकी विद्वान वॉरन यांचाही त्यांनी नामनिर्देश केला. आपल्या आधी कोणी काय म्हटले, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रकाशित झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले.

टिळकांचा वेदकाळ आज बहुसंख्य अभ्यासक मान्य करीत नाहीत. तरीही त्यांच्या संशोधनाच्या स्वतंत्रतेला त्यामुळे बाध येत नाही. मत टिकणे वेगळे आणि ते स्वतःचे असणे वेगळे. आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम साम्याची टक्केवारी पाहून कारवाईचे टप्पे ठरवतात आणि संगणकप्रणाली शब्दांचे साम्य मोजते. परंतु विचार कोठून आला, हे ती सांगू शकत नाही. ते लेखकानेच सांगावे लागते. म्हणून टिपण काढताना ग्रंथाचे नाव, पृष्ठ आणि दिनांक त्याच वेळी लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या. शंका आली तर हीच टिपणे तुमची साक्ष देतील.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. समान निष्कर्ष आणि वाङ्मयचौर्य यांतील फरक टिळक-याकोबी उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या एका टिपणातील कोणता विचार तुमचा आणि कोणता इतरांचा, हे वेगळे करून लिहा.