करकरे साहेब आणि कविताताई

हेमंत करकरे म्हटलं की टीव्हीवर हेल्मेट चढवणारे अधिकारी डोळ्यांपुढे येतात. मला मात्र, मैत्रिणींनो, त्यांची लाकडं आठवतात. चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असताना जंगलातली वाळकी लाकडं आणून ते त्यातून शिल्पं घडवायचे. पडलेल्या ओंडक्यात आकार शोधायचा, हाही तपासच म्हणा ना!

वर्ध्यात शिकलेला हा मुलगा नागपूरला इंजिनीअर झाला, १९८२ च्या तुकडीतून आयपीएसमध्ये आला. 'रॉ'साठी काही वर्षं ऑस्ट्रियात होता. २००८ च्या जानेवारीत ते दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले.

स्फोट म्हणजे काय, हे २००३ मध्ये मशिदीतला स्फोट पाहिलेल्या आपल्या परभणीला सांगायला नको. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात तसंच झालं, सहा जण गेले. मोटारसायकलीवरून माग काढत पथकाने साध्वी आणि लष्करी अधिकाऱ्याला अटक केली. केवढी टीका झाली त्यांच्यावर! पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. पण दडपण आलं म्हणून करकरे थांबले नव्हते, हे मला मोठं वाटतं.

२६ नोव्हेंबरच्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ कामटे, साळसकरांसोबत ते गेले. मागे राहिल्या कविताताई, बी.एड. कॉलेजातल्या प्राध्यापिका. त्या रडत कोपऱ्यात बसल्या नाहीत. साहेबांचं बुलेटप्रूफ जॅकेट कुठाय, असं त्यांनी माहिती अधिकारात सरकारलाच विचारलं. ते गहाळ झाल्याचं उत्तर आलं! २०१४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याही गेल्या. मुलांनी आईचे अवयव दान केले.