१८ वर्षं आधीच सांगितलं होतं की टोकियो जळणार, पण लोकांनी त्यांनाच थापाड्या ठरवलं

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं बाकी होती. टोकियोत घरोघरी जेवणाची तयारी सुरू होती, चुली पेटलेल्या होत्या. तेवढ्यात जमीन हलायला लागली.

टोकियो इम्पीरियल विद्यापीठात त्या वेळी ५३ वर्षांचा एक भूकंपशास्त्रज्ञ आपल्या खोलीत बसला होता. हा धक्का साधा नाही हे त्यांना लगेच कळलं. कारण याच दिवसाबद्दल ते १८ वर्षांपूर्वी बोलले होते, आणि त्यापायी सगळ्या जपानच्या टिंगलीचा विषय झाले होते.

त्यांचं नाव आकित्सुने इमामुरा.

इमामुरांचा जन्म १८७० सालचा, दक्षिण जपानमधल्या कागोशिमाचा. टोकियोत भौतिकशास्त्र शिकता शिकता ते भूकंपांकडे वळले. विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक झाले खरे, पण हे पद बिनपगारी होतं. पोटापाण्यासाठी ते लष्करी शाळेत गणित शिकवायचे.

१८९६ साली जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर त्सुनामी आली आणि जवळपास २२ हजार माणसं गेली. ही लाट येते कुठून, यावर तेव्हा नाना मतं होती. इमामुरांनी १८९९ मध्ये मांडलं की भूकंपात समुद्राचा तळच वर-खाली होतो आणि तो पाण्याला ढकलतो. तेव्हा हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज जगभरातल्या शाळेत हेच शिकवतात.

मग आलं १९०५ साल.

इमामुरांनी 'ताइयो' नावाच्या मासिकात एक लेख लिहिला. त्यात जुन्या नोंदींचा हिशोब होता. टोकियोला १६४९, १७०३ आणि १८५५ मध्ये मोठे भूकंप झाले होते. पहिल्या दोघांत अंतर होतं ५४ वर्षांचं, आणि शेवटच्या भूकंपाला ५० वर्षं होऊन गेली होती. म्हणजे पुढच्या ५० वर्षांत कधीही मोठा भूकंप होऊ शकतो. शहर लाकडी घरांचं, दिवे रॉकेलचे. पाण्याचे नळ फुटले तर आग विझवणार कशी? एक लाखाहून जास्त माणसं मरतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यावर उपायही दिला होता: रॉकेलचे दिवे काढा, विजेचे लावा.

लेखाचा मूळ मुद्दा आगीपासून बचावाचा होता. पण १९०६ च्या जानेवारीत एका वर्तमानपत्राने त्यातला फक्त विनाश उचलला आणि बातमी रंगवून छापली. त्यातच टोकियोला काही धक्के बसले. अमुक दिवशी भूकंप होणार अशा अफवा उठल्या आणि लोक घर सोडून उघड्यावर येऊन बसले.

आता मैदानात उतरले फुसाकिची ओमोरी. इमामुरांचे वरिष्ठ आणि जगात नाव असलेले भूकंपशास्त्रज्ञ. मोठ्या भूकंपानंतरचे छोटे धक्के कसे कमी होत जातात याचा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लोकांची घबराट थांबवणं हे त्यांना आपलं काम वाटलं. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की या भाकिताला काही आधार नाही.

शहर शांत झालं. इमामुरा मात्र थापाडे ठरले. तरी त्यांनी विभाग सोडला नाही. ज्यांनी आपल्याला खोटं पाडलं, त्यांच्याच हाताखाली ते पुढची १७ वर्षं काम करत राहिले.

१९२३ चा तो भूकंप ७.९ तीव्रतेचा होता. त्यापेक्षा भयंकर होती आग. नळ फुटले होते, वारा सुटला होता. ३ सप्टेंबरपर्यंत शहर जळत राहिलं. सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत.

ओमोरी त्या दिवशी ऑस्ट्रेलियात सिडनीला होते. तिथल्या वेधशाळेत भूकंपमापकाची सुई त्यांच्या डोळ्यांसमोर हलली. मेंदूत गाठ झालेले ओमोरी ऑक्टोबरमध्ये मायदेशी परतले, विभागाची सूत्रं इमामुरांकडे सोपवली आणि ८ नोव्हेंबरला गेले.

आता तुम्ही म्हणाल, इमामुरा बरोबर ठरले, गोष्ट संपली. पण नाही.

जपानच्या दक्षिणेला समुद्रात नानकाई नावाची एक लांबलचक घळ आहे. तिथे १७०७ आणि १८५४ साली महाभूकंप झाले होते. आता पुढचा इथेच, असं इमामुरांना वाटत होतं. १९२८ मध्ये त्यांनी वाकायामाला पदरच्या पैशाने संशोधन केंद्र उभारलं. जमीन मोजत राहा, गावं उंचावर न्या, मुलांना शाळेत भूकंप शिकवा, असा धोशा त्यांनी लावला.

७ डिसेंबर १९४४ ला नानकाईचा पूर्वेकडचा भाग हलला. त्यांच्याच आग्रहामुळे त्या दिवसांत काकेगावाजवळ जमिनीची मोजणी सुरू होती आणि धक्क्याच्या थोडं आधी जमीन कलल्याचं त्यात आढळलं. या नोंदीवर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण तेव्हा युद्ध चालू होतं, बातमीच दाबली गेली. २१ डिसेंबर १९४६ ला पश्चिमेकडचा भाग हलला आणि तेराशेहून जास्त लोक मेले. अंदाज पुन्हा खरा ठरला, आणि माणसं वाचली नाहीत याचंच इमामुरांना दुःख होतं. १ जानेवारी १९४८ ला ते गेले.

हे भूकंप का होतात, हे त्यांच्या हयातीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. समुद्राचा तळ जपानखाली सरकतो, अडकतो, ताण साठतो आणि एक दिवस सुटतो, हे कळलं १९६० च्या दशकात. इमामुरांकडे होत्या फक्त जुन्या नोंदी आणि मोजपट्टी. तारीख त्यांनी कधीच सांगितली नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की भूकंप थांबवता येत नाही, पण आग थांबवता येते.

आज जपानमध्ये १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो. आणि नानकाईत १९४६ नंतर पुन्हा ताण साठतोच आहे.