रात्रीच्या फोटोत दाणे का येतात? प्रकाशाच्या वादात हरलेल्या प्वासाँची गोष्ट

लाईट गेल्यावर मोबाईलवर फोटो काढा आणि झूम करा. सगळीकडे दाणे दिसतील. यालाच नॉईज म्हणतात. आपण कॅमेऱ्याला शिव्या घालतो, पण यामागचं गणित १८३७ सालचं आहे. तेव्हा फोटोग्राफी जगासमोर यायला दोन वर्षं बाकी होती.

गणित मांडणारा होता सीमेआँ दनी प्वासाँ. जन्म १७८१ चा, फ्रान्समधल्या पितिव्हिए गावातला. घरच्यांना त्याला सर्जन करायचं होतं, पण हातात सफाई नव्हती. तो नाद सुटला आणि १७९८ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत पठ्ठ्या पहिला आला.

प्रकाश म्हणजे कण, असं तो मानायचा. १८१८ मध्ये विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत फ्रेनेलने प्रकाश म्हणजे लाटा, असा सिद्धांत मांडला. परीक्षकांमध्ये प्वासाँ होता. त्याने गणित करून दाखवलं की हे खरं असेल, तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा. असं कुठं असतं का? पण आरागोने प्रयोग केला आणि ठिपका दिसला. बक्षीस फ्रेनेलला मिळालं.

पुढे १८३७ मध्ये प्वासाँने कोर्टाच्या निकालांमधल्या शक्यतांवर पुस्तक लिहिलं. नॉईजचं सूत्र त्यातलंच. अंगणातल्या फरश्यांवर पाऊस पडतो, तेव्हा प्रत्येक फरशीवर सारखेच थेंब पडत नाहीत. हा फरक साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो.

१८४० मध्ये प्वासाँ वारला. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशऊर्जा सुट्या पुड्यांमध्ये येते, असं मांडलं. त्यांनाच आज फोटॉन म्हणतात. प्रकाश लाटही निघाला आणि कणही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हे फोटॉन त्या थेंबांसारखेच पडतात.

पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडले, तर फरक १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले, तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. उजेड कमी, तितके दाणे ठळक.

म्हणून आयएसओ वाढवण्याआधी मोबाईल टेकवून शटर जास्त वेळ उघडं ठेवा. आयएसओने फोटो उजळतो, पण फोटॉन वाढत नाहीत. नाईट मोड लागोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकत्र करतो, म्हणून दाणे कमी होतात. एडिटिंगमधलं नॉईज रिडक्शन शेवटी आणि बेतानं वापरा. जास्त ओढलं की दाण्यांसोबत बारकावेही जातात आणि चेहरा मेणाचा दिसतो.