चार्ल्स बॅबेज : हुकमी यंत्रांचा आद्य कल्पक

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाची कळ दाबावी व स्वस्थ बसावें. त्यानें आपलें नांव विचारूं नये, परवलीचा शब्द मागूं नये, आणि थोड्याच वेळांत चित्रमय पडदा आपल्यापुढें उभा राहावा, अशी योजना करतां येते. ती प्रथम पाहणाऱ्या विद्यार्थ्यास यंत्राला बुद्धि आहे असें वाटतें. वस्तुतः कोणी तरी हुकूम आधींच लिहून ठेवलेले असतात, व यंत्र ते क्रमानें वाचून पाळीत असतें. मनुष्यानें हुकूम आधीं लिहावे व यंत्रानें मागाहून एकट्यानें काम करावें, या कल्पनेचा ज्यानें आपल्या आयुष्यभर ध्यास घेतला, त्या चार्ल्स बॅबेजचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

बॅबेजचा जन्म ता. २६ डिसेंबर १७९१ रोजीं लंडन येथें झाला. त्याचा बाप पेढीवाला असून घरची स्थिति चांगली होती. लहानपणीं प्रकृति नाजूक असल्यामुळें त्याच्या शिक्षणांत खंड पडे. तथापि बीजगणिताची गोडी त्यास स्वतःच लागली. इ. स. १८१० मध्यें तो केंब्रिज येथें गेला, तेव्हां आपल्या गुरूंपेक्षां आपणच अधिक वाचलें आहे असें त्यास आढळून आलें. मग हर्शेल व पीकॉक या मित्रांसह त्यानें १८१२ मध्यें एक मंडळ स्थापिलें, व युरोप खंडांतील नवी गणितपद्धति इंग्लंडांत आणण्याचा उद्योग आरंभिला. १८१६ मध्यें, वयाच्या पंचविशीच्या आंतच, रॉयल सोसायटीनें त्यास आपला सभासद करून घेतलें.

त्या काळीं संगणक हा शब्द यंत्रास नव्हे, तर हिशेब करणाऱ्या मनुष्यास लावीत. नावाडी, ज्योतिषी, विमेवाले या सर्वांचा व्यवहार छापील कोष्टकांवर चाले. आणि तीं कोष्टकें अशीं माणसें हातानें तयार करीत. आकडेमोड करतांना एक चूक, नक्कल करतांना दुसरी, खिळे जुळवितांना तिसरी! भर समुद्रांत अशा एका चुकीच्या आंकड्यानें गलबत खडकावर जावयाचें. १८२१ मध्यें बॅबेज व हर्शेल अशींच कोष्टकें ताडून पाहत असतां चुकांमागून चुका निघूं लागल्या. हें काम वाफेच्या जोरावर यंत्रानें झालें तर किती बरें होईल, हा विचार तेव्हांपासून बॅबेजच्या मनांतून गेला नाहीं.

त्यानें युक्ति काढली ती साधी होती. ४१, ४३, ४७, ५३, ६१ हे आंकडे पाहा. लगतच्या दोहोंतील अंतरें २, ४, ६, ८ अशीं येतात. आणि त्या अंतरांतील अंतर सर्वत्र २ च आहे. म्हणजे पहिले आंकडे एकदां नीट मांडून दिले कीं पुढील सारी मालिका केवळ बेरजेनें मिळते, आणि बेरीज तर दांत्यांचीं चक्रेंही करूं शकतील. शिवाय उत्तर यंत्रानेंच ठशावर उमटवावें, म्हणजे छापण्याच्या चुकीसही जागा उरणार नाहीं, असा त्याचा बेत होता. १८२२ मध्यें त्यानें लहानसा नमुना दाखविला, व पुढील वर्षीं सरकारानें पैसा देऊं केला. जोसेफ क्लेमेंट या कुशल कारागिराकडे काम सोंपविण्यांत आलें.

परंतु दैव अनुकूल नव्हतें. १८२७ या एकाच वर्षांत पिता, पत्नी जॉर्जियाना व मुलगा चार्ल्स यांचा वियोग त्यास सोसावा लागला. दुःखानें खचून तो कांहीं काळ युरोपांत फिरत राहिला. परत आल्यावर त्यानें पुनः काम हातीं घेतलें, व १८३२ मध्यें यंत्राचा सुमारें एकसप्तमांश भाग जोडून तयार झाला. घरीं आलेल्या पाहुण्यांस तो एक गंमत दाखवी. दांडा फिरवीत राहावें, तसतसे आंकडे एकाच नियमानें वाढत जात. पाहुण्यांस तोच नियम कायमचा वाटूं लागे, इतक्यांत एकाएकीं भलताच आंकडा पुढें येई. यंत्र बिघडलेलें नसे. अमुक फेऱ्यांनंतर नियम बदलावा, हा हुकूम बॅबेजनें तें सुरू होण्यापूर्वींच मांडून ठेवलेला असे.

१८३३ मध्यें क्लेमेंटशीं हिशेबावरून बिनसलें व काम थांबलें. सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाल्यावर १८४२ मध्यें सरकारानें त्यावर पाणी सोडलें. यांत सारा दोष सरकारचा, असें आम्हांस म्हणवत नाहीं. एक यंत्र पुरें होण्याआधींच बॅबेजचें मन दुसऱ्यांत गुंतलें होतें, व स्वभावही तापट होता.

तें दुसरें यंत्र मात्र विलक्षण होतें. फ्रान्सांतील लियोन शहरचा विणकर जाकार यानें छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या योगें मागावर वेलबुट्टी उमटविली होती. त्याची रेशमांत विणलेली तसबीर बॅबेजनें घरीं टांगली होती. ती विणण्यास चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. पुठ्ठे जर धाग्यांस आज्ञा देतात, तर आंकड्यांस कां देणार नाहींत? या विचारांतून १८३४ पासून त्याचें विश्लेषक यंत्र कागदावर आकारूं लागलें. आंकडे सांठविण्याचें कोठार निराळें, हिशेब दळणारी गिरणी निराळी, व हुकूम पुठ्ठ्यांवर. कोष्टकांतील एखादा आंकडा हवा असल्यास यंत्रानें थांबून घंटा वाजवावी; सेवकानें पुठ्ठा आणून दिल्यावर तो खरा कीं खोटा हें स्वतः पडताळावें; आणि चुकीचा असल्यास अधिक मोठ्यानें घंटा वाजवावी, अशीही त्यांत योजना होती. १८४३ मध्यें एडा लव्हलेस या विदुषीनें या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचें भाषांतर करून त्यास मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या, व अशा यंत्राची झेंप अंकांपलीकडे जाईल हें ओळखलें.

तें यंत्र बॅबेजच्या हयातींत पुरें झालें नाहीं. ता. १८ ऑक्टोबर १८७१ रोजीं तो लंडन येथें वारला. त्याचा मुलगा हेन्री याची हयात हिंदुस्थानांत फौजेच्या नोकरींत गेली होती. त्यानें मायदेशीं परतल्यावर पित्याच्या गिरणीचा एक भाग जुळविला. पुढें १९९१ मध्यें, बॅबेजच्या जन्मास दोनशें वर्षें होत असतां, लंडनच्या विज्ञान संग्रहालयानें त्याच्या दुसऱ्या अंतरयंत्राचा गणिती भाग मूळ नकाशांवरून उभारला, आणि तें बिनचूक चाललें! त्याच वर्षीं फिनलंडांत लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स जगापुढें ठेवलें.

आज लिनक्सची कळ दाबली असतां बॅबेजचाच क्रम दिसतो. बूटलोडर कर्नेलास उठवितो. कर्नेल पहिली प्रक्रिया सुरू करतें. ती ग्राफिकल टार्गेट नांवाच्या मुक्कामापर्यंत एकेक सेवा जागी करीत जाते. शेवटीं डिस्प्ले मॅनेजर हा द्वारपाळ उभा राहतो. जीडीएम नांवाच्या द्वारपाळाच्या फायलींत दोन ओळी लिहिल्या, कीं आपोआप प्रवेश द्यावा व अमुक नांवानें द्यावा, म्हणजे तो कांहीं न विचारतां दार उघडतो. घरच्या एकट्याच्या यंत्रास ही सोय ठीक आहे. परंतु शाळेच्या सामाईक यंत्रावर तीच सोय केली, तर जो कळ दाबील तो धनी होईल. तेथें द्वारपाळाची घंटा बंद करणें शहाणपणाचें नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र हुकूम पाळतें; हुकूम बरा कीं वाईट हें तें पाहत नाहीं. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं विचार करण्याचें काम मनुष्याकडेच राहतें. आणि हातीं घेतलेलें काम आपल्या डोळ्यांदेखत तडीस न गेलें, तरी नकाशे जर खरे असतील तर तें कधीं ना कधीं उभें राहतें, हा धडा बॅबेजच्या चरित्रांतून आम्हांस मिळतो.